पिशवी कुणाची, सही कुणाची?



२४ जून २०२२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं बाईचा गर्भपाताचा घटनात्मक हक्क मोडीत काढला. १९७३ साली याच न्यायालयानं दिलेला, एकोणपन्नास वर्षांनी याच न्यायालयानं काढून घेतला. आपल्याकडच्या पांढरपेशा मंडळींनीही लगोलग हळहळ केली. बाईचा निवडीचा हक्क गेला हो!

मी विचारतो, कुठल्या बाईचा? मिसिसिपीत दुसऱ्याच्या रानात कापूस वेचणाऱ्या काळ्या बाईला, जॉर्जियात दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला ही निवड कधी मिळाली होती? मूल नको होतं तेव्हा तिच्याकडे डॉक्टरचे पैसे नव्हते. मूल हवं होतं तेव्हा डॉक्टरनं न विचारता पिशवी काढली. आणि झालेलं पोर वाढवायला निघाली तर गल्लीच्या तोंडाशी पोलीस बंदूक घेऊन उभा.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. त्याच बाया हे गेली तीस वर्षं ओरडून सांगतायत. जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहरात त्यांची संघटना आहे. नाव सिस्टरसाँग. बहिणींचं गाणं. या अंकाचं संपादकीय तिच्यावर. काही जण नाक मुरडतील. वस्तीत नळाला पाणी नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि हा अमेरिकेतल्या बायांच्या पिशव्या मोजत बसलाय! शेवटपर्यंत वाचा, मग शिव्या घाला.

नातं जुनं आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत डॉ. ड्यु बॉईस यांना पत्र लिहिलं, तिथल्या काळ्यांची आणि इथल्या अस्पृश्यांची स्थिती सारखी आहे म्हणून. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव आलं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरकडून. पुढाऱ्यांनी तिथून मूठ आणली, भाषणातला जाळ आणला. तिथल्या बाया काय बोलत होत्या, ते मात्र बोटीत चढलंच नाही. ते आज उतरवून घेऊ.

गुलामीच्या काळात काळ्या बाईचं पोट ही मळेवाल्याची मिळकत होती. १६६२ सालीच व्हर्जिनियाच्या वसाहतीनं कायदा केला, आई गुलाम तर मूल गुलाम. बाप गोरा मालक असला तरी. म्हणजे मालकानं बलात्कार करायचा आणि वर मालमत्ता वाढली म्हणून वहीत नोंद करायची. मनूलाही हेवा वाटावा असला हिशेब! तेव्हा हुकूम होता, जन्माला घाल. १८६५ ला गुलामी कायद्यानं गेली. काळा माणूस मजुरी मागायला लागला, मत मागायला लागला. विसाव्या शतकात हुकूम उलटा फिरला. जन्माला घालू नकोस.

१९६१ साली मिसिसिपीत फॅनी लू हेमर ही बटईनं राबणारी बाई पोटातली गाठ काढायला दवाखान्यात गेली. डॉक्टरनं गर्भाशयच काढून टाकलं. आधी विचारलं नाही, नंतर सांगितलंही नाही. काळ्या बायांच्या बाबतीत हे इतकं सर्रास चालायचं की ‘मिसिसिपीतलं अपेंडिक्सचं ऑपरेशन’ असं त्याला नावच पडलं. हीच हेमर १९६४ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात काळ्यांच्या मताच्या हक्कासाठी बोलली आणि अख्ख्या देशानं ते ऐकलं. मताच्या लढ्यातली हेमर आपल्याला माहीत असते. तिच्या पिशवीची गोष्ट कुणी सांगत नाही.

पुढं १९७३. जानेवारीत न्यायालयानं गर्भपाताचा हक्क दिला. त्याच वर्षी जूनमध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीत सरकारी पैशावर चालणाऱ्या दवाखान्यानं दोन काळ्या बहिणींची नसबंदी केली. एक चौदा वर्षांची, एक बारा. आईला लिहितावाचता येत नव्हतं. पोरींना इंजेक्शन द्यायचंय असं तिला वाटलं. तिनं कागदावर फुली मारली. झाली संमती! खटला उभा राहिला. १९७४ साली वॉशिंग्टनच्या न्यायाधीशानं नोंदवलं की सरकारी पैशातून दरवर्षी एक ते दीड लाख गरिबांची नसबंदी होते, आणि ऑपरेशन करून घे नाही तर सरकारी मदत बंद, अशी धमकीही दिली जाते.

१९७६ साली हाइड दुरुस्ती आली. गरिबांच्या सरकारी वैद्यकीय योजनेतून गर्भपाताला पैसा बंद. नसबंदीला मात्र चालू. कागदावर हक्क आहे, खिशात दमडी नाही. गरीब बाईची निवड ती एवढीच.

आता गोऱ्या भगिनींचं बघा. न्यूयॉर्कमध्ये डॉ. हेलन रॉड्रिगेझ-त्रियास या पोर्टोरिकन बाईनं १९७० च्या दशकात सक्तीच्या नसबंदीविरुद्ध समिती उभी केली. मागणी साधी होती. सही आणि ऑपरेशन यांच्यात तीस दिवस जाऊ द्या, बाईला विचार करू द्या. विरोध कुणी केला? गर्भपाताच्या हक्कासाठी लढणाऱ्या गोऱ्या मध्यमवर्गीय संघटनांनीच! कारण त्यांच्या बायांना उलटा त्रास होता. त्यांनी नसबंदी मागितली तर डॉक्टर टाळाटाळ करायचे. तीस दिवस त्यांना अडवणूक वाटली. एकाच टेबलावर एकीला मागून मिळत नाही, दुसरीला न मागता मिळतं. आणि दोघींच्या वतीनं बोलणार पहिलीच. आपल्याला हे कळायला अटलांटाला जायची गरज नाही.

म्हणून १९९४ साली शिकागोत एका परिषदेला जमलेल्या बारा काळ्या बाया बाजूला बसल्या. क्लिंटन सरकारची आरोग्ययोजना चर्चेत होती आणि तिच्यात काळ्या गरीब बाईच्या दुखण्याला जागा नव्हती. त्यांनी ‘निवड’ हा शब्द बाजूला सारला. निवड दुकानात करतात, आणि तिथं खिसा लागतो. त्यांनी जननाचा हक्क आणि सामाजिक न्याय एकत्र आणून नवा शब्द केला. जनन-न्याय म्हणू आपण. मागण्या तीन. मूल न होऊ देण्याचा हक्क. मूल होऊ देण्याचा हक्क. आणि झालेलं मूल सुरक्षित जागी, माणसासारखं वाढवण्याचा हक्क. आठशेवर काळ्या बायांच्या सह्या घेऊन त्यांनी वॉशिंग्टनच्या पेपरात पान विकत घेऊन हे छापलं.

तिसरी मागणी परत वाचा. तिच्यात घर आलं, पाणी आलं, शाळा आली, पोलिसाची लाठी आली. वस्तीतला नळ आणि बाईची पिशवी हे दोन वेगळे मोर्चे नाहीत, हे त्या एका ओळीत आलं.

तीन वर्षांनी, १९९७ साली, सोळा संघटना एकत्र आल्या. काळ्या, मूळनिवासी इंडियन, लॅटिना, आशियाई. चारही समाजांच्या बाया. लुझ रॉड्रिगेझ या न्यूयॉर्कच्या बाईनं त्यांना एकत्र आणायचं काम केलं. त्यातून सिस्टरसाँग झाली. पहिला पैसा फोर्ड फाउंडेशनचा. मला हे खटकतं. भांडवलदाराच्या ट्रस्टचा पैसा चळवळीला कुठं नेतो ते आपण इथं पाहिलंय. काल घोषणा देणारा आज प्रोजेक्ट लिहितो. पण म्हणून ती संघटना आपली नव्हे असं म्हणणं सोपं आहे, आणि आळशीपणाचं आहे. पैसा कुणाचा ते विचाराच. खुर्चीत कोण बसलंय आणि ती काय बोलतेय, तेही विचारा.

तर खुर्चीत कोण? अटलांटाच्या वेस्ट एंड भागात, काळ्यांच्या नागरी हक्क लढ्यातले पुढारी राल्फ डेव्हिड ॲबरनॅथी यांचं नाव असलेल्या रस्त्यावर एक घर आहे. आधी तिथं बिली एव्हरी यांची संघटना होती. एव्हरी यांनी १९८३ साली अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात काळ्या बायांच्या आरोग्यावर पहिली राष्ट्रीय परिषद भरवली. सुमारे दोन हजार बाया आल्या. आधी एकमेकींना खरं सांगा, मग मोर्चा काढा, अशी त्यांची रीत. बाया गोल करून बसायच्या. नवऱ्याचा मार, लहानपणचा बलात्कार, रक्तदाब, सगळं बोलायच्या. पुढं त्याच घरात सिस्टरसाँगचं ऑफिस झालं. चळवळीला घर असलं की एका पिढीचं काम दुसरीच्या हातात पडतं. आपली बिऱ्हाडं भाड्याची. पुढारी फुटला की कपाट त्याच्याबरोबर, आणि कपाटात अर्धा इतिहास!

लोरेटा रॉस या संस्थापकांपैकी एक, शिकागोतल्या बारा जणींतलीही एक. जन्म १९५३, टेक्सास. पंधरावं वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा नात्यातल्या माणसानं बलात्कार केला. गर्भपात तेव्हा कायद्यात बसत नव्हता. १९६९ साली पोर झालं, ते तिनं ठेवलं, आणि त्यापायी कॉलेजची शिष्यवृत्ती गेली. तेविसाव्या वर्षी डाल्कन शील्ड नावाच्या साधनानं तिचं गर्भाशय कुजवलं. आपल्याकडं तांबी बसवतात, तसलंच साधन. पिशवी गेली. तिनं कंपनीवर खटला घातला आणि भरपाई घेतली. आणि ऐका, हेच साधन अमेरिकेत बदनाम होत असताना निर्जंतुक न करता, घाऊक भावात, सरकारी मदतीच्या नावानं गरीब देशांना पाठवलं जात होतं.

एकाच बाईला नको असताना आई व्हावं लागलं, आणि हवं असताना होता आलं नाही. दोन्हीकडून भाजलेली बाई! जनन-न्यायाची व्याख्या तिनं पुस्तकातून काढली नाही. २००५ ते २०१२ तिनं संघटना चालवली. २००४ साली वॉशिंग्टनला प्रचंड मोर्चा निघायचा होता, त्याच्या नावात ‘निवडीचं स्वातंत्र्य’ असे शब्द होते. सिस्टरसाँग म्हणाली, नाव बदला तर आम्ही येऊ. बदललं. ‘बायांच्या आयुष्यासाठी मोर्चा’ झाला आणि लाखो माणूस लोटलं. नावावरून भांडणं क्षुल्लक असतं असं म्हणणाऱ्यांनी नामांतराची सोळा वर्षं आठवावीत.

रॉसनंतर मोनिका सिम्पसन. नॉर्थ कॅरोलायनाच्या खेड्यातली, गाणारी बाई. २०१० साली निधी जमवायच्या कामावर आली, पुढं संघटनेची प्रमुख झाली. तिच्या काळात काम पसरलं. गावोगाव शिबिरं, कलावंतांचा गट, गरजू बाळंतिणींसाठी मदतनिधी. कोर्टाची पायरी चढायची आणि बाळाच्या लंगोटांचे पैसेही द्यायचे. तिसरी मागणी अशी जमिनीवर येते.

आता भावांनो, आपल्याकडं वळतो. सावरून बसा.

२०१० च्या फेब्रुवारीत अटलांटाभर मोठमोठे फलक लागले. त्यावर काळ्या लेकराचा चेहरा आणि मजकूर असा की काळी मुलं नामशेष व्हायला लागलीयत. लावणारे कोण? गर्भपातविरोधी संघटना. काळ्यांच्या वंशसंहाराचं खरं दुःख उचलायचं आणि काळ्या बाईलाच संहारक ठरवायचं. वंश पाहून केलेला गर्भपात गुन्हा ठरवणारं विधेयकही आणलं. सिस्टरसाँग आणि तिच्या मैत्रसंघटना विधिमंडळात भिडल्या. विधेयक त्या वर्षी पडलं.

पण या फलकाला डोकी हलवणारे काळे पुरुषही होते. नवं नव्हतं ते. १९६० च्या दशकाच्या शेवटी पिट्सबर्गमध्ये काही काळ्या पुढाऱ्यांनी वस्तीतलं कुटुंबनियोजनाचं केंद्र ‘हा वंशसंहार आहे’ म्हणून बंद पाडलं. वस्तीतल्या काळ्या बाया उठल्या आणि त्यांनी ते पुन्हा उघडायला लावलं. सरकार जबरदस्ती करतं हे त्यांनाही माहीत होतं. पण सरकारच्या जागी नवऱ्याला किंवा पुढाऱ्याला बसवायला त्या तयार नव्हत्या. आपल्याकडं सभेत ‘संख्या वाढवा’ म्हणणारे काय कमी आहेत? संख्या वाढवायची कुणाच्या पोटातून, आणि रात्री जागायचं कुणी?

२०१९ साली जॉर्जियानं कायदा केला. साधारण सहा आठवड्यांनंतर गर्भपात बंद. कित्येकींना तोवर दिवस गेल्याचंही कळत नाही. सिस्टरसाँग कोर्टात गेली, मुख्य फिर्यादी म्हणून. २०२० ला जिंकली. २०२२ च्या जुलैत हरली आणि कायदा लागू झाला. राज्याच्या कोर्टात गेली. नोव्हेंबर २०२२ ला जिंकली, काही दिवसांत स्थगिती. ३० सप्टेंबर २०२४ ला पुन्हा जिंकली, ७ ऑक्टोबरला पुन्हा स्थगिती. आठवडाभराचा विजय! मधल्या काळात काय झालं? ऑगस्ट २०२२ मध्ये अठ्ठावीस वर्षांची, सहा वर्षांच्या मुलाची काळी आई जॉर्जियातल्या इस्पितळात आली. गर्भपातानंतर आत अंश राहिला होता, सेप्टिक झालं होतं. साधं क्युरेटिंग करायचं. वीस तास गेले. बाई मेली. राज्याच्याच तज्ज्ञ समितीनं म्हटलं, हा मृत्यू टळू शकत होता. २०२४ च्या सप्टेंबरात ही बातमी फुटली. दोन महिन्यांत सरकारनं काय केलं? समितीचे सगळे सदस्य काढून टाकले.

त्याच जॉर्जियात, आयर्विन काउंटीच्या कोठडीत डांबलेल्या स्थलांतरित बायांवर नको ती ऑपरेशनं होतात, असं २०२० साली तिथल्याच एका नर्सनं उघड केलं. २०२२ साली सिनेटच्या समितीनं ती ऑपरेशनं अतिरेकी आणि बऱ्याचदा अनावश्यक होती असं नोंदवलं. एकच राज्य. एकीला म्हणतं, जन्माला घालच. दुसरीला म्हणतं, घालूच नको. दोघींना न विचारता.

आता बीड. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस खाडा पडला तर मुकादम दंड कापणार. पाळीत पोट दुखतंय, अंगावरून जातंय, फडात ना पाणी ना आडोसा. गावात परतल्यावर खाजगी डॉक्टर म्हणतो, पिशवी काढ, नाहीतर कॅन्सर होईल. २०१९ साली सरकारच्या समितीनं बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहा बायांत एक! यातल्या कितीकजणी आपल्या, कितीकजणी वंजारी, भटक्या. इथं कुणी बंदूक लावली नव्हती. सही-अंगठा रीतसर होता. अलाबामातल्या आईचीही फुली रीतसरच होती.

आणि आणीबाणी विसरू नका. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या. शहा आयोगापुढं १,७७४ मृत्यूंची नोंद आली. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करण्यात आपलं पुरोगामी महाराष्ट्राचं विधिमंडळ आघाडीवर होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगढच्या बिलासपूरकडे एका डॉक्टरनं काही तासांत ८३ बायांची ऑपरेशनं उरकली. तेरा जणी मेल्या.

याच्या उलट बाजूला आपलाच वारसा आहे, आणि तो आपल्या सभांत कुणी सांगत नाही. १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला भरला तेव्हा वकील म्हणून उभे राहिले बाबासाहेब. १० नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहमांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागं बाबासाहेब होते. ठराव बाईच्या प्रकृतीचं, तिच्या जिवाचं बोलत होता. बाजूनं मतं ११, विरुद्ध ५२. सक्ती त्यात नव्हती. साधनं आणि माहिती बाईच्या हाती द्या, एवढंच मागणं होतं. संजय गांधींच्या नसबंदीत आणि या ठरावात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ते ज्याला कळत नाही, त्यानं बाबासाहेबांचा फोटो पुस्तिकेवर छापू नये.

म्हणून मी शाखाशाखांतल्या पोरापोरींना सांगतो. वस्तीतल्या बायांना एकत्र बसवा आणि पुरुषांनी बाहेर थांबा. कुणाची पिशवी काढली, कुठल्या दवाखान्यात, कागदावर काय लिहिलं होतं, ते वाचून दाखवलं होतं का, याची वही करा. ऑपरेशनच्या कागदाची प्रत मराठीत मागा. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय पिशवीला हात लावू देऊ नका. सरकारी दवाखान्यात गर्भपाताला गेलेल्या बाईला नवऱ्याची सही आण म्हणून परत पाठवतात. सज्ञान बाईला कायद्यानं नवऱ्याची सही लागत नाही. १९७१ चा कायदा आहे. भांडा.

आणि शेवटचं. आपल्या संघटनेत ‘महिला आघाडी’ नावाची एक खोली करून बायांना तिथं बसवण्याचा धंदा बंद करा. कार्यकारिणीत त्यांना घ्या, खजिना त्यांच्या हातात द्या, पत्रकावर त्यांची सही येऊ द्या. सिस्टरसाँगपासून आपल्याला घ्यायचंय ते हे. ज्या अंगावर सुरी चालली ते अंग खुर्चीत बसलं, म्हणून तो शब्द तयार झाला. आपल्याकडं ती खुर्ची अजून रिकामी नाही. तिच्यावर आपणच बसलोय. उठा.

जयभीम!